गव्हावर गहू

मार्चमधली गोष्ट आहे आणि अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून शेवटी लिहायला बसले. अण्णा आणि आई तेव्हा आमच्याकडे अमेरिकेत, केंटकीतल्या लेक्सिंग्टनला आले होते, दोघांची पहिलीच परदेशवारी, येऊन चार-पाचच दिवस झालेले, त्यामुळे झोपेचा पार बोऱ्या वाजलेला. दुपारी तीनला डोळे मिटायचे आणि रात्री दोनला टक्क जागे. त्या रात्री साडेअकरा झाले असतील. नवरा कामासाठी बाहेरगावी होता, खोलीतून काही आवाज नव्हता, दोघं झोपलेत असं धरून मी स्वयंपाकघरातला छोटा दिवा लावला आणि टेबलावर दोन ग्लास मांडले, खाली पोट आणि वर निमुळतं तोंड असलेले, वास घ्यायला बरे पडतात ते. एका ग्लासात दिवाळीपासून उघडी असलेली बाटली, दुसऱ्यात त्याच संध्याकाळी आणलेली. खरं तर आई-अण्णा असेपर्यंत बाटल्या कपाटाबाहेर काढायच्याच नाहीत असं मी ठरवलं होतं. पण ही दुसरी बाटली मी वर्षभर शोधत होते आणि ती मिळाल्यावर मला राहवलं नाही, एवढं सरळ आहे ते.

अण्णा पाणी प्यायला आले. मी खुर्चीवरून उठले, आणि आत्ता सांगताना सुद्धा कसंतरी होतं, पण मी ग्लासांवर हात ठेवला, चौथीतली मुलगी पाटीवरचं चुकलेलं गणित झाकते तसा. अण्णा माळकरी आहेत. चाळीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ, कांदा-लसणाचं एवढं काही नाही त्यांचं, पण दारू म्हटलं की आमच्या घरात तो शब्दच हळू आवाजात बोलला जातो, आणि त्याला कारण आहे, त्यावर येते पुढे. त्यांनी ग्लास बघितले, बाटल्या बघितल्या, माझ्याकडे बघितलं नाही. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "दोन कशाला?" मला काय बोलावं सुचेना. मी म्हटलं, "एकाच ठिकाणच्या आहेत अण्णा, एकाच रेसिपीच्या, फक्त ह्यातलं एक धान्य बदललंय." बहुतेक धान्य हा शब्द आल्यामुळे झालं ते. त्यांनी डावीकडचा ग्लास उचलला, नाकाखालून आडवा नेला, गिरणीच्या तोंडातून पडणाऱ्या पिठाचा वास घेतात तसाच, लांबून, एकदाच. ठेवला. थोडा वेळ तसेच बसून राहिले. मग उजवीकडचा उचलला. तोही तसाच. आणि म्हणाले, "ह्यात कायतरी न्हाई."

मग पाणी प्यायले आणि झोपायला गेले.

रागावले नाहीत, सकाळी आईला सांगितलं नाही, विषय काढला नाही. त्यांनी चार शब्द ऐकवले असते तर मला बरं वाटलं असतं, म्हणजे मी त्याची तयारी वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून करून ठेवलेली आहे. पण "ह्यात कायतरी न्हाई" ह्याला काय उत्तर द्यायचं? मी रात्री एक वाजेपर्यंत दोन्ही ग्लास आलटून पालटून हुंगत बसले.

आता त्या दोन बाटल्यांबद्दल. दोन्ही विल्डरनेस ट्रेल ह्या डिस्टिलरीच्या, म्हणजे दारू गाळायच्या कारखान्याच्या, आमच्या घरापासून पाऊण-एक तासावर डॅनव्हिल म्हणून गाव आहे तिथल्या. दोन्ही बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की, दोन्ही बॉटल्ड-इन-बाँड (हा कायद्याचा शिक्का, त्यावर येते पुढे), दोन्ही १०० प्रूफ, म्हणजे पन्नास टक्के अल्कोहोल. दोन्हीत ६४ टक्के मका आणि १२ टक्के मोड आणून वाळवलेले जव. राहिले २४ टक्के. एकीत तिथे राय आहे आणि दुसरीत गहू. बस. घर तेच, पाणी तेच, करणारे हात तेच. मला बर्बनमधलं खूप कळतं असं नाही, ह्या गावात राहून सात-आठ वर्षांत जेवढं कळावं तेवढंच कळतं, पण ही जोडी कळल्यापासून मला ती एकत्र चाखून बघायचीच होती, कारण असा सरळ प्रश्न कोणी तुमच्यासमोर मांडून ठेवत नाही सहसा. दोन व्हिस्क्या वेगळ्या लागल्या तर त्याला शंभर कारणं असतात. इथे बहुतांशी एकच. बहुतांशी म्हणतेय कारण गव्हाची सिंगल बॅरल आहे, एकाच पिंपातली, आणि रायची काही पिंपं एकत्र करून भरलेली, त्यामुळे तुमच्या बाटलीच्या वाट्याला कुठलं पिंप आलं ह्यानेही फरक पडणारच. तेवढी सूट द्यावी लागते.

राय म्हणजे काय हे आईला सांगताना माझी तारांबळ झाली होती. तिला वाटलं मोहरी. आपल्याकडे ते धान्यच नाही, त्याला मराठीत कोणी हाक मारत नाही. थंड मुलखातलं, गव्हाच्या नात्यातलं, लांबट, करडं-हिरवं धान्य, त्याची भाकरीसारखी घट्ट काळसर पाव करतात युरोपात. बर्बनमध्ये ते मसाल्याचं काम करतं. कायद्याने मका ५१ टक्क्यांहून कमी चालत नाही, मका अंगाने गोड, जव त्याच्या पिठाची साखर करायला लागतात (आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो तीच युक्ती), आणि तिसरं धान्य कुठलं घ्यायचं ते ज्याच्या त्याच्या घरावर. बहुतेक सगळे राय घालतात. गहू घालणारी घरं थोडी. आणि दोन्ही घालून दोन वेगवेगळ्या बाटल्या, बाकी सगळं तस्संच ठेवून, हे तर फारच थोडे करतात.

आमची गिरणी होती. होती कसली, आहे अजून, अण्णा आता पहाटेऐवजी आठला उघडतात एवढंच. बार्शी तालुक्यात, म्हणजे ज्वारीचा मुलूख, मालदांडीची टपोरी मोत्यासारखी ज्वारी, घराघरात तिचीच भाकरी, गहू सणावाराला आणि पाहुण्यारावळ्यांना. आता उलटं झालंय थोडं, पण माझ्या लहानपणी असं होतं. गिरणीत सकाळी ज्वारीची दळणं आणि दुपारनंतर गव्हाची. बायका डोक्यावर डबा घेऊन आल्या की आधी काय विचारायच्या माहितीये? "अण्णा, आत्ता काय चाललंय?" ज्वारी चालू असेल तर गहूवाली बाई डबा ठेवून भिंतीला टेकून बसायची. गव्हावर गहू टाका म्हणायच्या. कारण गिरणीच्या पोटात आधीच्या दळणाचं मूठ-दोन मूठ पीठ राहतंच, आणि ज्वारीवर गहू टाकला की पहिल्या पिठाची पोळी चिरते, लाटताना कडा फाटतात, नवऱ्या मुलीच्या सासरी पहिल्या दिवशीच तशी पोळी झाली म्हणून एका बाईने गिरणीत येऊन अण्णांना झापलेलं मला आठवतंय. अण्णा त्या मूठभर पिठाला फार जपायचे. धान्य बदललं की पहिली ओंजळ बाजूच्या पाटीत काढायची, ती गुरांना. आणि एकादशीच्या आदल्या दिवशी तर सगळंच बंद. गिरणी खोलायची, वरचा दगड उचलायचा, कुंचल्याने कानाकोपरा झाडायचा, आणि मग वरई-राजगिऱ्याचं उपासाचं दळण. अख्ख्या गावाचा उपास आपल्या हातात आहे असा त्यांचा चेहरा असायचा त्या दिवशी.

दगड उचलायचं आणि दगडाला टाकी लावायचं काम बापूकाकाचं. अण्णांचा धाकटा भाऊ. दगड गुळगुळीत झाला की पीठ गरम येतं, जळका वास मारतं, म्हणून छिन्नीने त्याला पुन्हा चरे पाडायचे, आणि ते खोल पण नको आणि उथळ पण नको. बापूकाका डोळे मिटून दगडावरून हात फिरवायचा आणि बरोबर तिथेच घाव घालायचा. उडालेल्या दगडाच्या बारीक कपच्यांनी त्याचे हात वरपर्यंत टिपक्याटिपक्यांचे झाले होते. बाजाराच्या दिवशी माझ्यासाठी गोडीशेव आणायचा. खिशात कायम लवंगा, बोलताना एक दाढेखाली असायचीच, मी मागितली की मला पण एक द्यायचा आणि मी तिखट लागली म्हणून थुंकले की हसायचा. त्या लवंगा कशासाठी होत्या हे कळण्याइतकी मी मोठी झाले तेव्हा तो गेला होता. बेचाळीसाव्या वर्षी. आधी देशी, मग हातभट्टी, मग जे मिळेल ते. पिठाच्या रिकाम्या डब्यांमागे त्याच्या बाटल्या सापडायच्या आणि अण्णा त्या उचलून काही न बोलता नाल्यात फोडून यायचे. हॉस्पिटलचे शेवटचे दीड महिने मी बघितले नाहीत, मला मामाकडे पाठवलं होतं.

त्याच्यानंतर टाकी लावायला बाहेरून माणूस यायला लागला.

म्हणून आमच्याकडे तो शब्द हळू बोलतात. गावात नंतर मतदान झालं, उभी बाटली की आडवी बाटली, आई नऊवारी नेसून मत द्यायला गेली, सरपंचाच्या निवडणुकीला पण ती एवढी नटून गेली नव्हती. बाटली आडवी झाली, दुकान बंद झालं. शेजारच्या गावातून पिशव्या येत राहिल्या ती गोष्ट वेगळी. आणि २००७ साली सरकारने धान्यापासून दारू काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान द्यायचं धोरण आणलं तेव्हा अण्णा गिरणीत पेपर घेऊन दिवसभर बसले होते, येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते, ज्वारीची? दारू? ज्वारीची? त्यांना दारूपेक्षा ज्वारीचं जास्त लागलं होतं असं मला तेव्हा वाटलं. ऊस-कारखान्यांचा जिल्हा आमचा, मळीची दारू त्यांना कळत होती, मळी शेवटी उरलेलीच. पण ज्याची भाकरी होते त्याची?

तर अशा घरातली मी, केंटकीत येऊन पडले, जिथे मक्याची-गव्हाची दारू हाच गावाचा अभिमान आहे. विमानतळावर बर्बन, पेट्रोलपंपावर बर्बनचं चॉकलेट, शाळेच्या मदतनिधीसाठी बर्बनची बाटली लिलावात. पहिली दोन वर्षं मी पार्टीत सोड्याचा ग्लास घेऊन उभी राहायचे. मग प्रमोशन झालं तेव्हा एका सहकाऱ्याने ती रायवाली बाटली दिली आणि मी एका रविवारी, घरात एकटी असताना, बोटभर ओतून बघितली. मला आवडेल असं वाटलं नव्हतं. पण जिभेवर आल्या आल्या मला येसर आठवलं. बार्शीकडच्यांना सांगायला नको, येसराच्या आमटीचा पहिला भुरका मारल्यावर घशाच्या मागे जी खमंग, कडवट, दगडफूल-लवंग-मिरी अशी एकदम सगळी ऊब चढते ना, ती. साता समुद्रापलीकडे पिंपात चार वर्षं ठेवलेल्या मक्याच्या दारूत आमच्या आईच्या हातचा मसाला कसा काय, ह्याचंच मला इतकं नवल वाटलं की अपराधी वाटायचं राहूनच गेलं. ते नंतर वाटलं. अजून वाटतं, मधून मधून.

अण्णांच्या त्या वाक्यानंतर दहा दिवसांनी मी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, डॅनव्हिलला यायचं का, जिथे हे बनतं ते बघायला. आई नाही म्हणाली, ती गाडीतच बसेन म्हणाली. अण्णा म्हणाले, "गिरणी हाय का त्यांच्याकं?" आहे म्हटलं. "मग येतो."

जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घोड्यांची कुरणं, काळ्या कुंपणांच्या ओळी, आणि मध्येच कुठेतरी गोदामं दिसायची, त्यांच्या भिंती काळ्या पडलेल्या. अण्णांना वाटलं जळालीत. ती एक बुरशी असते, पिंपातून दरवर्षी तीन-चार टक्के दारू हवेत उडून जाते तिच्यावर जगते, भिंतींवर, झाडांच्या बुंध्यांवर, शेजारच्यांच्या छपरांवर पण. आई काच खाली करून बघत होती, म्हणाली, "झाडांना पण लागलंय व्यसन." आणि त्याच भागात, डॅनव्हिलच्या शेजारच्याच गॅरार्ड काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा), कॅरी नेशन जन्मली होती १८४६ साली. ती कुऱ्हाड घेऊन दारूचे गुत्ते फोडत सुटायची, कॅन्ससमध्ये. तिचा पहिला नवरा दारूपायी गेला होता, डॉक्टर होता. मी आईला ही गोष्ट गाडीत सांगितली आणि आई इतका वेळ गप्प होती की मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, "कुऱ्हाड?" आणि जरा ताठ बसली. इथेही अजून काही काउंट्या कोरड्या, म्हणजे दारूबंदीच्या आहेत, मतदानानेच ठरतं, तेही सांगितलं. मग ती गाडीतून उतरली आणि आमच्याबरोबर आत आली.

विल्डरनेस ट्रेल काढलं ते शेन बेकर आणि पॅट हाइस्ट ह्या दोन मित्रांनी, कॉलेजच्या वयात एकाच बँडमध्ये वाजवायचे. हाइस्ट सूक्ष्मजीवांचा अभ्यासक, बेकर इंजिनिअर, आणि दारू काढायच्या आधीपासून त्यांची दुसरी कंपनी होती, इतरांच्या डिस्टिलऱ्यांना यीस्ट पुरवायची आणि कुणाचं आंबवण बिघडलं तर काय बिघडलं ते शोधून द्यायचं. म्हणजे आधी दुसऱ्यांच्या पिंपातले रोग बघितले आणि मग स्वतःचं घातलं. मला हा उलटा क्रम फार आवडतो. २०२२ मध्ये कंपारी ह्या इटालियन कंपनीने ७० टक्के हिस्सा ४२ कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा आता ह्याला क्राफ्ट, म्हणजे छोट्या घरची हातची दारू, म्हणायचं का नाही ह्यावर इथल्या लोकांनी बराच काथ्याकूट केला. मला त्यात पडायचं नाही. हात कोणाचे आणि धान्य काय, ते मी बघते.

आत एका ठिकाणी दळलेल्या मक्याचा वास आला आणि अण्णा थांबले. बाकीची मंडळी पुढे गेली. ते तिथेच, मान जरा वाकडी करून, आवाज ऐकत उभे. मग म्हणाले, "जाड दळत्यात." बरोबर होतं, भरड असते ती, आपल्या लापशीच्या रव्याच्या जवळपास. पुढे आंबवणाच्या मोठ्या टाक्या, पृष्ठभागावर पिवळट फेस आणि तो आपोआप हलतोय, खदखदतोय, खाली कुठेही विस्तव नाही. आई पदर नाकाला लावून पण वाकून बघत होती, म्हणाली इडलीचं पीठ वर आल्यासारखं दिसतंय. आणि मग दाखवणाऱ्या मुलीने स्वीट मॅशबद्दल सांगितलं (मॅश म्हणजे आंबवायला घातलेली धान्याची भरड आणि पाणी), ते मी अण्णांना मराठीत करून सांगितलं. बहुतेक सगळे बर्बनवाले सावर मॅश करतात, म्हणजे आधीच्या खेपेचं ऊर्ध्वपातन झाल्यावर खाली जे आंबट पाणी उरतं त्यातलं थोडं पुढच्या खेपेत घालायचं. लोक त्याला विरजण म्हणतात पण ते तसं नाही, त्यातलं यीस्ट उकळून मेलेलं असतं, आंबटपणा तेवढा कामाला येतो, नको ते जंतू वाढत नाहीत. हे लोक ते घालत नाहीत. प्रत्येक खेप कोऱ्या पाण्यावर. पण मग त्या आंबट पाण्याचं संरक्षण नाही, त्यामुळे सगळं सारखं धुवायचं, वाफेने, नळीनळी, कोपरा न् कोपरा, जरा हयगय झाली की खेप गेली.

अण्णांनी ऐकून घेतलं. "म्हंजी आधीचं काय ऱ्हाऊ द्यायचं न्हाई," ते म्हणाले. मी हो म्हटलं. मग जरा वेळाने, अगदी गंभीरपणे, "म्हंजी ह्यांची रोजच एकादशी."

मला रडू आलं तिथे. का ते सांगता येणार नाही नीट. त्या मुलीला वाटलं मला वाफेचा त्रास होतोय, तिने मला बाहेर जायचं दार दाखवलं.

गोदामात पिंपं वरपर्यंत रचलेली, अंधार, थंडगार, आणि हवेला इतका दाट गोड वास की श्वासाबरोबर जिभेवर चव येते. नवीन ओकचं पिंप, आतून आगीने जाळलेलं, आणि ते एकदाच वापरायचं असा कायदा, सगळा रंग त्या जळक्या लाकडाचा, बाहेरून रंग घालायला परवानगी नाही, साखर नाही, काही नाही. बॉटल्ड-इन-बाँडचा कायदा तर १८९७ चा, तेव्हा व्यापारी वाट्टेल ते मिसळून विकत म्हणून आणला. एका डिस्टिलरीची, एका हंगामातली, चार वर्षांहून कमी नाही, सरकारी देखरेखीच्या गोदामातली आणि १०० प्रूफ. मी हे अण्णांना मोठ्या उत्साहाने सांगत गेले आणि मध्येच मलाच ते ऐकवेना. मालाड-मालवणीला २०१५ साली विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. बापूकाका जे प्यायचा त्यावर लेबलच नव्हतं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला बाटलीत काय आहे हे कळायचा हक्क मिळाला, आणि माझ्या काकाला विसाव्या शतकाच्या शेवटी मिळाला नव्हता. अर्थात लेबल असतं म्हणून तो वाचला असता असं पण नाही. हे दोन्ही एकदम खरं आहे आणि मला त्यातलं एक पण सोडता येत नाही.

आई-अण्णा मेमध्ये परत गेले. मग मी नीट बसले त्या बाटल्या घेऊन. नवरा ग्लासांच्या बुडाला पेन्सिलीने खूण केलेली चिकटपट्टी लावायचा, मी ओळखायचं. पहिल्या पाच वेळांत मी तीनदा चुकले. माझी चूक काय होत होती ते मला जूनमध्ये लक्षात आलं. मी गहू शोधत होते. कणकेचा, तव्यावरच्या पोळीचा वास कुठे लागतोय का ते. तो नसतोच. चार वर्षं जळक्या लाकडात राहिल्यावर गव्हाचा गहूपणा काही उरत नाही, किंवा माझ्या नाकाला तरी सापडत नाही. रायचं तसं नाही, ती असली की सांगते. लवंग, दालचिनी, मिरी, संत्र्याची वाळलेली साल, मागून जरा पुदिन्यासारखं थंड, आणि गिळल्यावर छातीत बराच वेळ निखारा. दोन थेंब पाणी टाकलं की अजूनच खुलते. गव्हाच्या ग्लासात व्हॅनिला, गूळ, भाजलेलं खोबरं, जरासा बदाम, म्हणजे सगळं लाकडाचं आणि मक्याचंच, आणि ते पुढे आलेलं दिसतं कारण मध्ये कुणी उभं नाही. खपली गव्हाची खीर आठवते मला, गुळाची, ती पण आठवण चवीची कमी आणि तोंडात कसं पसरतं त्याची जास्त. पाणी टाकलं की मात्र ही पातळ होते, तिला नकोच. दोन्ही पन्नास टक्केच, पण ही निम्म्याने सौम्य वाटते, आणि मला त्याचीच भीती वाटते. रायवाली प्रत्येक घोटाला आठवण करून देते की तू काय पितेयस. ही करत नाही. आवडते कुठली म्हणाल तर मन गव्हाकडे जातं, पण माझा हात अजून रायकडेच जातो.

तर गहू ओळखायचा म्हणजे राय नाहीये हे ओळखायचं. हे एकदा कळल्यावर पुढच्या पाचात मी पाचही बरोबर सांगितले. आणि तेव्हा अण्णांचं वाक्य डोक्यात लख्ख झालं. ह्यात कायतरी न्हाई! एवढ्या लोकांनी ह्या बर्बनवर लिहिलंय, मऊ आहे, गोल आहे, लोण्यासारखी आहे, ह्यात हे आहे आणि ते आहे, आणि आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेल्या माणसाने लांबून एकदा हुंगून नेमकं सांगितलं की हिचं सगळं रहस्य जे घातलेलं नाही त्यात आहे. चाळीस वर्षं गव्हावर गहू टाकलेलं नाक. मला इतका अभिमान वाटला की मी तो सगळा हिशोब मनात जुळवून ठेवला, आणि आषाढीच्या दोन दिवस आधी, ते वारीहून यायच्या बेतात असतात तेव्हा फोन नीट लागत नाही म्हणून आधीच, त्यांना फोन केला.

ते पंढरपूरच्या अलीकडे कुठेतरी मुक्कामाला होते, मागे टाळ वाजत होते. मी सगळं सांगितलं. २४ टक्के, राय, गहू, मी कशी चुकत होते, आणि तुम्ही कसं बरोबर ओळखलंत. ते मध्ये हं, हं करत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "तसं न्हवं ताई."

मी म्हटलं मग कसं.

"पैल्या गिलासाला बापूचा वास आला." टाळांचा आवाज जरा लांब गेला, ते उठून बाजूला आले असणार. "ती लवंग खायचा न्हवं का तो. लवंगचा आन् दारूचा, दोन्ही मिळून. आलं की दार उघडायच्या आधी कळायचं मला. लई वर्षांनी आला. म्हणून दुसरा बगितला. तर त्यात न्हवता."

मी काहीच बोलले नाही. ते पण. मग त्यांनी विचारलं पाऊस आहे का तुमच्याकडे, मी आहे म्हटलं, आईचे गुडघे कसे आहेत ते मी विचारलं, ती दिंडीत माझ्या पुढं चालतीय म्हणाले. गिरणीच्या दगडाला टाकी लावायला आता माणूसच मिळत नाहीये, बार्शीहून बोलवावा लागतो आणि तो खोल घाव घालतो, हे बराच वेळ सांगत होते. मी रायचा ग्लास समोर घेऊन बसले होते, फोन कानाला, आणि त्यात काका शोधत होते. मला सापडेना. माझ्या आठवणीतल्या बापूकाकाच्या अंगाला पिठाचा वास येतो, गरम ज्वारीच्या पिठाचा आणि शर्टाच्या खिशातल्या बिडीचा, आणि लवंग तिखट लागते एवढंच.

फोन ठेवता ठेवता अण्णांनी विचारलं, "ती पैली बाटली हाय का संपली?"

"आहे थोडी."

"ऱ्हाऊ दे मग," ते म्हणाले.